लेखणीची मजुरी आणि वरची विद्या
(शिरगाव येथे केलेले भाषण)



आपल्या शिरगावची मुले-मुली आता दहावी-बारावीवर थांबत नाहीत. बदलापूरहून लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून ती एम. ए., एम. कॉम. शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बाप शेतकरी, सुतार नाहीतर कुंभार. घरून पैसा येणार किती? म्हणून कित्येकजण वर्तमानपत्रांस लेख देऊन, भाषांतरे करून फीचे पैसे उभे करतात. मग आईबाप आम्हांस विचारतात, "गुरुजी, पोर रात्रभर लिहिते, अभ्यास करते केव्हा?" हा प्रश्न एका घरचा नव्हे, म्हणून चारचौघांत त्याचा विचार करू.

लिहिणे आणि शिकणे यांचे वैर नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. शिकता शिकता लिहिण्याची ही वाट एका मुलीने दाखविली, हे विसरू नका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर पाठ करण्याजोगे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. वर्गासाठी केलेला तोच निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. एका नांगरटीत दोन पिके! पुढे मुंबईस प्राध्यापक असताना ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. नोकरी सरकारी कॉलेजातली, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे घातले. सहा महिनेही झाले नाहीत तोच, जुलैमध्ये, बाबासाहेब पत्र दुसऱ्यांच्या हाती सोपवून लंडनला राहिलेला अभ्यास पुरा करण्यास गेले. १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. झाले. इकडे 'मूकनायक' १९२३ साली बंद पडला.

हे नुकसान लहान नव्हते. पण हिशेब पुरता मांडा. रुपयावरचा तो प्रबंध १९२३ सालीच ग्रंथरूपाने निघाला. १९२५ साली चलनाच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू करून लेखणी पुन्हा हाती घेतली. पेरणीच्या वेळी पेरणी, मळणीच्या वेळी मळणी, हे ज्या समाजाला कळते त्याला यातला धडा वेगळा सांगावा लागत नाही.

तेव्हा मुलांनो, मुलींनो, पाच गोष्टी सांगतो.

एक, अभ्यासाच्या विषयाजवळचेच लिहा. अर्थशास्त्र शिकत असाल तर अंबरनाथ-बदलापूरकडची भातखाचरे प्लॉटांखाली कशी गेली, ते शोधून लिहा. लेखाचे पैसे मिळतील आणि टिपणे प्रबंधालाही येतील.

दोन, मोबदला आधी ठरवा, तोही लेखी. सुतार माप व मोल ठरल्यावरच रंधा उचलतो. "नाव छापू" एवढ्यावर राबविणाऱ्यास नम्रपणे नकार द्या.

तीन, परीक्षेआधीचे दोन महिने नवे काम घेऊ नका, आणि तसे संपादकास आधीच कळवा.

चार, पैसे घेऊन दुसऱ्याचा प्रबंध कदापि लिहून देऊ नका. त्या पैशाने आजची फी भागेल. पण उद्या ज्या जागेसाठी तुम्ही अर्ज कराल, त्याच जागेवर तुमच्याच लेखणीने पदवी घेतलेला पैसेवाल्याचा मुलगा बसेल. आपल्या वाडवडिलांस अक्षर नव्हते म्हणून ते लुबाडले गेले. तुम्ही अक्षर मिळवून ते विकता काय?

पाच, बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या मिळतात. वेळेवर अर्ज करा. मात्र शिष्यवृत्ती घेताना दुसऱ्या कमाईविषयीचे नियम आधी वाचा.

आता आईबापांस एक शब्द. मुलगा लिहीत बसला की आपण म्हणतो, "त्याला हाक मारू नका." मुलगी लिहीत बसली की म्हणतो, "भांडी पडली आहेत." हा पंक्तिप्रपंच घरातून गेल्यावाचून समतेच्या सभा भरवून उपयोग नाही. रोज रात्री दोन तास घरात टी. व्ही. बंद ठेवा; त्याला पैसा लागत नाही.

विद्या पोटासाठी आहेच, पण पोटापुरती नाही. जो शिकेल त्याने लिहावे, आणि जो लिहील त्याने शिकणे सोडू नये. आपल्या मुलांनी आपली हकीकत स्वतः लिहिली नाही, तर ती परके लिहितील आणि आपण ती वाचत बसू.