अंगठा बदलता येत नाही, कुलूप बदलता येतं



नारायणगडाला आपल्या भागात धाकटी पंढरी म्हणतात. गडाच्या आसपासच्या गावांत चक्कर मारा. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन, सौरपंपाच्या पेटीत सिमकार्ड, विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद. ही यंत्रं दूरवर निरोप पाठवतात, दुरून आलेला हुकूम ऐकतात. निरोप कुणी चोरू नये आणि हुकूम खोटा नसावा, याची राखण आतली चिप करते. आज तिच्याबद्दल बोलू.

रेशनचं मशीन घ्या. तुमचा ठसा सांकेतिक करून आधारच्या यंत्रणेकडे जातो. तो ज्या किल्लीने बंद होतो, ती किल्ली 2048 बिटांच्या आरएसए पद्धतीने सुरक्षित केलेली असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं आजच्या संगणकाला अशक्यप्राय, एवढ्यावर तिचा भरवसा. क्वांटम संगणक हे गणित सोडवू शकेल, असं पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवून दिलं.

तेवढा मोठा क्वांटम संगणक आज नाही. गूगलच्या विलो चिपमध्ये 105 क्युबिट आहेत. पण आरएसए फोडायला 2 कोटी क्युबिट लागतील, असा 2019 चा अंदाज होता. 2025 मध्ये गूगलच्याच क्रेग गिडनी यांनी तो 10 लाखांच्या आत आणला.

‘मग तेव्हा बघू’ असं कुणी म्हणेल. गोम इथेच आहे. आजचा निरोप कुणी साठवून ठेवला तर तो पुढे कधीतरी उघडता येईल. तोवर पासवर्ड बदललेला असेल. अंगठा तोच राहील.

दुसरा धोका पंपाचा. अशा यंत्रांना नवं सॉफ्टवेअर दुरूनच पाठवता येतं. चिप त्यावरची डिजिटल सही तपासून ते स्वीकारते. ती सही बनावट करता आली, तर तूर-कापसाला पाणी द्यायच्या दिवसांत एकाच वेळी कितीतरी पंप बंद पाडता येतील. शिवाय सही तपासायची किल्ली पुष्कळदा चिपमध्ये कायमची कोरलेली असते.

नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी यांनी अक्षरं मोजून गुप्त लिपी उलगडायची रीत लिहून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक कुलपाला वय असतं, हे माहीत आहे. आताचं नवं कुलूपही तयार आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने 2016 पासून जगभरातून पद्धती मागवून, तपासून, 13 ऑगस्ट 2024 ला तीन मानकं जाहीर केली: किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. या पद्धती साध्या संगणकावर चालतात. अडचण छोट्या यंत्रांची आहे. आज 64 बाइटांत मावणारी सही एमएल-डीएसएत किमान 2,420 बाइटांची होते. चिपमध्ये तेवढी जागा आणि ताकद आधीपासून हवी. नंतर सॉफ्टवेअर पाठवून ती येत नाही. अशा चिपा बनू लागल्या आहेत. जर्मनीच्या इन्फिनिऑनच्या सुरक्षा चिपला जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचं प्रमाणपत्रही मिळालं.

आरएसएसारख्या जुन्या पद्धती 2035 पर्यंत पूर्ण बंद कराव्यात, असा एनआयएसटीचा प्रस्ताव आहे. आज बसवलेलं सौरपॅनल तेव्हाही शेतात उभं असेल. म्हणून प्रश्न आजच्या खरेदीचा आहे.

रेशन हवं तर आपल्यापैकी बहुतेकांना अंगठा द्यावाच लागतो. घेणाऱ्याकडे ती आपली अमानत आहे, आणि तिचा हिशेब मागायचा आपल्याला हक आहे. ग्रामसभेत विचारा, माहिती अधिकारात विचारा: या यंत्राला सुरक्षेची नवी सॉफ्टवेअरं किती वर्षं मिळणार? सांकेतिक पद्धत बदलायची वेळ आली तर याच चिपवर बदलता येईल का? निविदेत तशी अट घातली होती का? उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तरी ते लेखी घ्या.

आणि आयटीआय, डिप्लोमा करणाऱ्यांनो, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्यांनो: या नव्या पद्धतींचा कोड मोफत आणि खुला आहे. छोट्या शिकाऊ बोर्डावर तो चालवून पाहता येतो. येत्या दहा वर्षांत लाखो यंत्रांची कुलपं बदलायची आहेत. ते काम करणारे हात आपल्या गावांतूनही तयार व्हायला हवेत. सुरुवात एका बोर्डापासून करा.