न भरणाऱ्या टाक्या

नगर अभियंते, स्वच्छता निरीक्षक, कंत्राटदार आणि गवंडी यांना एका मांडवाखाली बसवणाऱ्या या परिषदेत अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. एकच मुद्दा मांडायचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या घरांखालच्या जुन्या संडास-टाक्या बदलण्याचे काम घरमालकावर सोडून भागणार नाही. पाणीपुरवठा जसा नगरपालिका करते, तसे हे कामही तिनेच गल्लीवार हाती घेतले पाहिजे.

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही,’ असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. खरे तर ती धोक्याची सूचना आहे. गाळ अडवून ठेवणे हेच टाकीचे काम, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा लागणे हे ती धड असल्याचे लक्षण. ती भरतच नसेल, तर मैला तळाच्या भेगांतून जमिनीत तरी जातो किंवा पाइपातून समोरच्या नालीत तरी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्या ओढाताणीत विटांच्या भिंती तडकतात. तीच माती पाणी जिरू देत नाही, शोषखड्डा तुंबतो आणि पाइप नालीत सोडला जातो. टाकीवरचा स्लॅब तर आतून खचत असतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू स्लॅबच्या ओलसर पोटाला लागतो, तिथे त्याचे आम्ल होते, काँक्रीट भुसभुशीत होते, सळई गंजून फुगते आणि पोपडे आत पडू लागतात. वरची फरशी मात्र शाबूत दिसते. त्याच फरशीवर मोटारसायकल उभी असते, मुले खेळतात.

आता एक साधे माप घ्या. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. आपल्या लेआउटमधला 30 बाय 50 फुटांचा प्लॉट एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजला, तरी तेवढे अंतर भरत नाही. म्हणजे नियम पाळायची कितीही इच्छा असली, तरी विहीर आणि खड्डा दोन्ही असलेल्या घराला तो एकट्याने पाळता येत नाही. एकाचा खड्डा शेजाऱ्याच्या बोअरवेलला लागून येतोच. जुलै 2022 मध्ये पुराचे पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरात शिरले, तेव्हा कोणाची टाकी नवी आणि कोणाची फुटकी, हा फरक त्या पाण्याला नव्हता. जे नुकसान कुंपण ओलांडते, त्याचा बंदोबस्त कुंपणाच्या आत होत नाही. आयर्लंडसारख्या देशालाही युरोपीय न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर, 2012 मध्ये कायदा करून घरगुती टाक्यांची नोंदणी सक्तीची करावी लागली.

यावर पहिला आक्षेप असा, की भुयारी गटार येणारच आहे, मग टाक्यांवर पैसा का घालायचा? गटार यावे, जरूर यावे. पण मुख्य वाहिनी पडणे आणि शेवटच्या गल्लीतले घर तिला जोडले जाणे यांत बरीच वर्षे जातात, आणि त्या वर्षांत लोक विहिरी-बोअरवेलचे तेच पाणी पितात. शिवाय चंद्रपूरच्या परकोटाच्या आतले बोळ आणि गावाबाहेर वाढणारे लेआउट यांना गटार सर्वांत शेवटी पोहोचते. जोडणी झाल्यावरही जुनी टाकी उपसून, बुजवून बंद करावी लागतेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. रोजंदारीवर जगणारे कुटुंब नवी टाकी एकरकमी बांधू शकत नाही. त्याला नोटीस बजावणे म्हणजे त्याची कोंडी करणे. इथे सातारा जिल्ह्यातल्या वाईचे उदाहरण उपयोगी पडते. वाई नगरपरिषदेने 2018 पासून प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायला सुरुवात केली; घरमालक दर खेपेला पैसे मोजत नाही, स्वच्छता करातून खर्च निघतो आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. उपशाला जी पद्धत लागू पडली, ती टाक्या बदलण्यालाही लागू पडेल, असे मला वाटते: काम पालिकेने करावे, वसुली मालमत्ता कराबरोबर लहान हप्त्यांत व्हावी, आणि अगदी गरिबाचा हप्ता माफ असावा.

गडचिरोलीसाठी मात्र वाईची नक्कल चालणार नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे दूरच्या प्रक्रिया केंद्रावर अवलंबून राहणारी सक्शन गाडी काय कामाची? जवळ प्रक्रिया केंद्राला जागा शोधायला गेले, तर वनजमिनीसाठी 1980 च्या कायद्याखाली केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणून लहान नगरपंचायतींनी आपल्याच हद्दीत गाळ सुकवण्याचे वाफे करावेत. जंगलातल्या नाल्यात रात्री गाळ ओतून येणे थांबवायचे, तर दिवसा ओतायला जागा द्यावी लागेल.

गवंडी बांधवांशी थेट बोलायचे आहे. टाकी बदलताना सर्वांत धोक्याचा क्षण जुनी टाकी फोडण्याचा. संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवणे हा हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. पण घरगुती कामात उतरतो तो बहुधा सफाई कामगार नसतो. रोजाने आणलेला मजूर असतो, आणि त्याची नोंद कुठेच नसते. पालिकेच्या निविदेतून काम झाले, तर निदान यंत्राने उपसा, हवा खेळती ठेवणे आणि विमा या अटी घालता येतील.

सुरुवात नोंदवहीपासून करावी. मालमत्ता कराच्या आकारणीसाठी कर्मचारी घरोघर जातातच. त्यांच्या तक्त्यात टाकी कधी बांधली, तळ पक्का आहे का, सांडपाणी कुठे जाते आणि गाडी दारापर्यंत येते का, हे चार रकाने वाढवावेत. पूररेषेतली घरे पहिल्या टप्प्यात घ्यावीत. तसा ठराव दुपारच्या सत्रात येणार आहे. त्यावर कसून चर्चा करा आणि तो दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे पाठवा.