संदेश अंगणापर्यंत पोहोचावा



१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीचा उगम तो हा.

मोबाईलवरील संदेश हाही अंगणात शिरण्याचा एक मार्ग होय. परंतु चंद्रपुरातील जिवती असो वा गडचिरोलीतील भामरागड, घरातील एकुलता फोन बहुधा बापाच्या खिशात असतो, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात बाप दिवसभर रानात असतो. माता कोलामी, गोंडी वा माडिया बोलते. संदेश मात्र लिखित मराठीत येतो. कागदोपत्री तो पोहोचतो. मुलापर्यंत जात नाही.

म्हणून संदेश एकच व लहान असावा. गावातील एखाद्या आजीच्या आवाजात, तिच्याच बोलीत तो ध्वनिमुद्रित करावा आणि सायंकाळी, चूल पेटण्याच्या वेळी धाडावा. त्यात उपदेश नको, कृती हवी. मोहफुले लहानमोठी निवडून वेगळी करणे, पुडके बांधताना दहादहा पाने मोजणे. ७० पानांच्या एका पुडक्यात गणिताचा सबंध पाठ आहे. निरक्षर मातेस ‘मलाही शिकविता येते’ असे वाटणे, हेच संदेशाचे खरे फळ होय.

तथापि आठवड्यातून एकदा शिक्षकाने अंगणवाडीसेविकेसह त्या अंगणात जाऊन बसावे. मूल बोलू लागले की नाही, हे तेथेच कळते. जेथे मनोरा नाही, तेथे तर ही भेटच संदेश ठरेल.