पार्ल्याची जुनी घरं पाडण्याआधी



विलेपार्ले पूर्वेला हनुमान रोडनं किंवा महंत रोडनं चालत निघालात, तर थोड्या थोड्या अंतरावर हिरवी जाळी नाहीतर पत्रे ठोकलेला प्लॉट दिसतो. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, असं शेजारी सांगतात.

ती जावी की नाही, हा वाद मला घालायचा नाही. गळक्या छपराखाली, सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबखाली कुणी राहावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? 2017च्या जुलैत घाटकोपरला एक इमारत कोसळून 17 माणसं गेली. जिवापुढे वास्तू मोठी नाही.

पण या घरांवर ही वेळ आली कशी? 1947च्या भाडे कायद्यानं भाडी 1940च्या पातळीवर गोठली. 1999चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी कशातून करणार? शहरातल्या जुन्या चाळींना 1969पासून उपकर आणि दुरुस्ती मंडळ तरी आहे. उपनगरातल्या पागडीच्या घराला तोही आधार नाही. शेवटी दारावर ‘सी-वन’ची, म्हणजे अतिधोकादायक असल्याची नोटीस लागते.

वारसा यादीचंही तेच. 1995 साली मुंबईनं देशात पहिल्यांदा वारसा नियम केले. यादीतल्या बहुतेक वास्तू मात्र शहर भागातल्या. उपनगरं महापालिकेत आलीच उशिरा: अंधेरी 1950मध्ये, बोरिवली-मुलुंड तर 1957मध्ये. वारसा म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे फोर्टच येतो.

आणि पार्ल्याचं घर तसं भव्य नाहीच. बैठं किंवा एकमजली. मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे विहीर. दर्शनी भिंतीवर चुन्यात उठवलेलं घराचं नाव आणि खाली बांधल्याचं साल. सागवानी जिन्याचा कठडा तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वरच्या गॅलरीतून खालच्या ओट्याशी बोलता येतं, आणि ओट्यावरून रस्त्याशी. पार्ले टिळक विद्यालय 1921चं, लोकमान्य सेवा संघ 1923चा. वर्गणी काढून, वेळ देऊन असं काम उभं करणारी माणसं याच वस्तीतली. अशा कामांची बोलणी ओट्यांवरच व्हायची, असा माझा अंदाज आहे. म्हणून ओटा मला नक्षीच्या खांबाइतकाच मोलाचा वाटतो.

सोसायटीच्या सभेत याबद्दल चकार शब्द निघत नाही. कार्पेट किती वाढवून मिळणार, तात्पुरत्या घराचं भाडं किती, कॉर्पस किती, पार्किंग कुणाला. हे प्रश्न रास्तच आहेत, आयुष्यभराची पुंजी त्यात अडकलेली असते. विमानतळ शेजारी, त्यामुळे नव्या इमारतीच्या उंचीला मर्यादा. मग ती आडवी पसरते आणि आवारातल्या आंब्याखालची जागा पोडियमखाली जाते. 2019च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विकासकाची निवड 51 टक्के सभासदांच्या संमतीनं होते, त्या सभेचं चित्रीकरणही करावं लागतं. पडणाऱ्या इमारतीचं चित्रीकरण मात्र कुणी करत नाही.

तेव्हा कमिटीवर असाल तर एवढं करा. करारनाम्यावर सह्या व्हायच्या आत एखाद्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाला पत्र लिहा. जुन्या वास्तूंची मोजमापं घेणं तिथल्या मुलांच्या अभ्यासाचाच भाग असतो. त्यांना जिना, गॅलरी, खिडक्यांचे गज मोजू द्या. विहीर बुजवायची नाही, हे कलम करारात घाला. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूनं, छपराखाली बसायची जागा नकाशात दाखवून घ्या, आणि ती पुढे पार्किंगला देता येणार नाही असंही लिहून घ्या. घराचं नाव आणि साल असलेला भिंतीचा तुकडा हातोडा पडण्याआधी कापून काढता येतो. त्याची जबाबदारी कुणाची, तेही त्याच कागदावर असू द्या. तोंडी आश्वासनावर जागा खाली करू नका.