जुना मिक्सर आणि न पाहिलेला विक्रेता



ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील व्याख्यानमालेत जुन्या मिक्सरवर बोलावयास उभे राहणे धारिष्ट्याचे आहे, हे आम्ही जाणून आहोत. परंतु कार्यवाहांनी आमचा विषय विचारला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एक मिक्सर जळका वास सोडीत बसला होता. त्यामुळे आम्हांला दुसरा विषय सुचेना.

हा मिक्सर आम्ही मोबाईलवर पाहून, नऊशे रुपयांना, परगावच्या एका गृहस्थाकडून घेतला. चित्रात तो असा चकचकीत दिसत होता की, विकणाऱ्याची आम्हांला कीवच आली. पार्सल आले, यंत्र मोकळे फिरवून पाहिले, आवाज झकास होता. दुसऱ्या दिवशी भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली आणि दोन मिनिटांत घरभर धूर झाला. दुरुस्तीवाल्याने खालचे झाकण उघडून सांगितले, "साहेब, कॉइल एकदा जळून पुन्हा भरलेली आहे, कार्बनही संपलेत." आम्ही त्या गृहस्थांना दूरध्वनी केला, पण तो उचलला गेला नाही. पुढे आम्ही काय केले? काहीच केले नाही. नऊशे रुपयांसाठी कोण हिंडतो, असे म्हणून गप्प बसलो. आमच्यासारखे गप्प बसणारे पुष्कळ आहेत, हे तो गृहस्थ आमच्यापेक्षा चांगले जाणत असला पाहिजे.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. बोहारणीला जुने लुगडे देऊन पातेले घेणाऱ्या आणि तांब्या-पितळेची मोड देऊन नवे भांडे आणणाऱ्या आयाबायांची आपण लेकरे आहोत. त्याच नेवासे तालुक्यात घोडेगावचा गुरांचा बाजार भरतो, श्रीगोंद्याकडे काष्टीचा भरतो. तेथे घेणारा बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावले चालवितो. मग दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितो. त्या बाजारात लबाडी नसते असे नाही, पुष्कळ असते! पण बैल, विकणारा आणि घेणारा हे तिघे एका झाडाखाली उभे असतात. मोबाईलवरच्या बाजारात वस्तू एकीकडे, विकणारा दुसरीकडे आणि आपले पैसे तिसरीकडेच जातात.

म्हणून दात पाहण्याची रीत सोडू नये. नगरच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी तयार होतात. या गावाला मोटर कशी पारखावी हे आम्ही सांगावे असे नाही, पण स्वयंपाकघरात शिरताना आपण ते विसरतो. मिक्सर मोकळा फिरवून काही कळत नाही. त्याच्यावर भार घालावा लागतो. जाताना मूठभर भिजवलेली डाळ डब्यात न्यावी, लाज वाटू देऊ नये. भांड्याचे पाते हाताने हलवून पाहावे. ते लटपटत असेल तर बुश गेला समजावा. तळाशी लाल बटण असते. भार जास्त झाला की ते यंत्र बंद पाडते. ते कोणी कायमचे जोडून टाकलेले नाही ना, हे पाहावे. मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवून तापते का ते पाहावे. मात्र तो उघडून आत हात घालू नये, कारण वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज शिल्लक राहू शकते. अमेरिकेतून परतलेल्या कुटुंबाचे यंत्र स्वस्त मिळाले, तर आधी पाठीवरची पट्टी वाचावी. एकशेवीस व्होल्टचे यंत्र आपल्या दोनशेतीस व्होल्टवर लावले की तिथल्या तिथे त्याचा ग्रंथ आटोपतो.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे की! आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. नवा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात एक मोठी सोय अशी की, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेही करता येते. दुकानदाराने किंवा जुन्या वस्तूंचा नियमित धंदा करणाऱ्याने फसविले, तर हा आधार खरा आहे. परंतु एखाद्या गृहस्थाने आपल्या घरातला एकुलता एक मिक्सर विकला, तर तो व्यापारी ठरत नाही, आणि २०२० चे ऑनलाईन व्यापाराचे नियमही अशा खाजगी विक्रीला लागू नाहीत. मग उरतो तो १९३० सालचा वस्तुविक्रीचा कायदा. वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, एवढे तो मान्य करतो. बाकी घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हाच त्याचा रोख आहे.

गंमत पाहा, ह्याच १९३० आकड्याशी आमच्या ओळखीच्या एका बाईंची गाठ पडली. त्यांना डबे देण्याचा व्यवसाय सुरू करावयाचा होता आणि त्यासाठी जुना फ्रिज हवा होता. मोबाईलवर जाहिरात दिसली: लष्करातील नोकरी, बदली झाली, सामान तातडीने विकणे आहे. भिंगारला छावणी आहे, रणगाडा दलाचे केंद्र आहे. बदल्या होतात, सामान विकले जाते. नगरकराला ह्यात संशय वाटावे असे काही नव्हते. गणवेशातला फोटोही आला. लष्करी जवानाचे नाव घेऊन फसविण्याचा हा प्रकार देशात अनेक ठिकाणी झालेला आहे, पण बाईंना ते ठाऊक नव्हते. आधी गाडीभाडे मागितले, मग गेटपासची अनामत, आणि ती परत देतो म्हणून एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवून ते स्कॅन करावयास सांगितले. बाईंनी आपला पिन घातला. पैसे यावयाच्या ऐवजी गेले. सगळे मिळून चौदा हजार.

भगिनींनो, हे मात्र नीट ऐका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घातला, म्हणजे आपण पैसे दिले.

बाईंनी ही गोष्ट तीन दिवस घरात कोणाला सांगितली नाही. यजमान काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील! सरकारचा १९३० हा दूरध्वनी क्रमांक अशाच वेळेसाठी आहे. तेथे कळविले की, पैसा ज्या ज्या खात्यांतून जातो तेथे तो अडविण्याची खटपट होते. पण चोर तो काढून घेण्याआधी कळवावे लागते, आणि तेथे तासांचा हिशेब असतो. बाईंनी चौथ्या दिवशी कळविले. तोवर खाते रिकामे झाले होते. चोराला हे तीन दिवस बाईंच्या भिडेने मिळवून दिले, आणि त्या भिडेत त्यांच्या घरच्यांचाही वाटा होता. नऊशे रुपये गेल्यावर आम्हीही अशीच भीड धरली होती, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

पुढे त्यांनी फ्रिज घेतला, सावेडीतल्या एका घरातून. गाडीवाल्याला दाराशी थांबवून त्यांनी फ्रिज चालू करावयास लावला, वाटीत पाणी ठेवले, आणि बर्फ धरेपर्यंत दोन तास त्याच घरात चहा घेत बसून राहिल्या. पैसे त्यानंतर दिले.