इंचभर उंचीचा हिशेब

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींचा एक नेहमीचा खटाटोप आज तुम्हांला सांगायचा आहे. तो म्हणजे गाडी खाली घेणे, तिची जमिनीपासूनची उंची कमी करणे. उगीच कशाला हा उद्योग, असे तुम्ही म्हणाल. पण त्यामागे हिशेब आहे.

इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली एम.जी.बी. ही ठेंगणी, उघड्या टपाची, पळण्यात चपळ अशी गाडी निघाली. तिचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथे बंपर किती उंचीवर असावा याचे नियम आले, तेव्हा १९७४ साली कारखान्याने सबंध गाडीच इंच-दीड इंच उचलली. चकचकीत बंपर गेले, काळे जाडजूड आले. आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा कलू लागली. १९८० साली ती निघायची बंद झाली, पण तो इंच परत मिळवण्याची खटपट आजही चालू आहे.

एका इंचाने एवढे काय बिघडते? ज्वारीची पोती भरलेली बैलगाडी आणि उंच कडबा रचलेली बैलगाडी आठवा. उताराला भीती कोणत्या गाडीची वाटते? भार जितका उंच, तितके कलंडणे सोपे. गुरुजींनी वर्गात काडेपेटी पाटीवर उभी ठेवावी आणि पाटी हळूहळू तिरपी करावी. मग तीच पेटी आडवी ठेवून पाहावे. मुलांना आणखी सांगावे लागणार नाही.

आता ही गाडी खाली कशी घेतात? मागे तिला मालट्रकसारखे पाटे आहेत, त्यांवर आस बसतो. पाटा आणि आस यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घातला की गाडीचे अंग तेवढे खाली येते. नटबोल्ट मात्र लांब लागतात. पुढे वेटोळ्याची स्प्रिंग आहे. तिच्या जागी मुद्दाम बनवलेली आखूड स्प्रिंग घालावी. काही जण जुनीच स्प्रिंग करवतीने कापतात. हा शुद्ध आततायीपणा! कापलेली स्प्रिंग ताठर होते. किती, ते कापणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय दाबलेली स्प्रिंग जॅकचा आधार न देता सोडली, तर ती उसळून माणसाचा जीव घेऊ शकते.

गाडी खाली आली की आस आणि वरचा रबरी अडसर यांतले अंतरही घटते. खड्ड्यात आस अडसरावर आदळला की स्प्रिंगचे काम तिथेच संपते, आणि तेच वळणावर झाले तर चाकाची पकड एकाएकी सुटते. धुराची नळी घासते ती वेगळीच. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तर विचारूच नका! म्हणून गेला तेवढा इंच परत घ्यावा; दिसायला झोकदार म्हणून आणखी दोन इंच घेऊ नयेत.

आधी सपाट फरशीवर, चारी चाकांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे माप घ्या आणि वहीत लिहा. काम झाल्यावर रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. अधांतरी आवळले तर रबर पिळून फाटते. मग पाच-दहा मैल फिरवून आणा, पुन्हा मोजा. चाकांची सरळ रेषा आणि दिव्यांचा झोत, हे दोन्ही त्यानंतर तपासून घ्या.