एका झाडाची पाच नावं आणि माझी एक चुकलेली स्क्रिप्ट

(एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "अं..." आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)



आजचा विषय आहे जंगलातल्या झाडांची यादी कशी करतात. थांबा, लगेच स्किप करू नका. हा विषय मला जिथे भेटला तिथे मी एक चूक केली होती. त्या चुकीने कुणाचा तरी जीव धोक्यात आला असता, आणि ती चूक माझ्या कोडमध्ये होती.

तर झालं असं. मी पुण्यात डेटाचं काम करतो. चार ठिकाणांहून आलेला डेटा एकत्र करायचा, डुप्लिकेट काढायचे, हेच रोजचं. एका मित्राने विचारलं, "कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटात आम्ही काही जण एका जंगलपट्ट्यातल्या झाडांची यादी करतोय. एक्सेलच्या तीन फाइल आहेत, एक करून देशील का?" मी म्हटलं, हात्तिच्या, एका शनिवारचं काम.

पहिली फाइल म्हणजे एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या जुन्या वह्या, टाइप केलेल्या. दुसरी कॉलेजच्या पोरांनी केलेल्या नव्या पाहणीची. तिसरी गावातल्या लोकांशी बोलून केलेली: झाडाचं गावातलं नाव आणि त्याचा उपयोग. सगळ्या मिळून सहाशेच्या आसपास ओळी. मी स्क्रिप्ट लिहिली. शास्त्रीय नाव जुळलं तर ओळी जोड. शास्त्रीय नाव नसेल तर मराठी नावावरून जोड. रन केली, एरर नाही. मी खूश.

यादी छापली, आणि दुसऱ्या दिवशी ती गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार होती. त्या संध्याकाळी आमच्याबरोबर जंगलात फिरणाऱ्या एका मामांना मी मोठ्या कौतुकाने ती वाचून दाखवत होतो. एका ओळीवर ते थांबले.

"काय म्हनला? नरक्याचा काढा?"

"हो मामा, ताप आल्यावर काढा करून पितात असं लिहिलंय."

"आवो दादा, मानूस मारायचाय काय? काढा त्या येलीचा. ह्यो नरक्या. येलीचं आन् ह्येचं काय बी नातं न्हाई!"

मी लॅपटॉप उघडला आणि पोटात गोळाच आला. तिसऱ्या फाइलमध्ये एक ओळ होती: "अमृता. वेल. तापावर काढा." ही गुळवेल. संस्कृतात गुळवेलीला गुडूची म्हणतात तसं अमृताही म्हणतात. कोरोनाच्या काळात घरोघरी जिचा काढा झाला तीच ही. आणि दुसऱ्या फाइलमध्ये नरक्या नावाच्या झाडापुढे मराठी नावं होती: "नरक्या, अमृता." कारण या झाडालाही अमृता म्हणतात. माझ्या स्क्रिप्टला दोन ठिकाणी "अमृता" दिसलं आणि तिने दोघांना एक करून टाकलं. एकीकडे "वेल" होतं, दुसरीकडे "झाड". तिथे मी नियम ठेवला होता की आधी जे आलं ते ठेव. म्हणून "वेल" गायब झालं आणि काढा तेवढा नरक्याला चिकटला.

आता नरक्या काय चीज आहे ते सांगतो. सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात वाढणारं छोटं झाड. फुलं बारीक, पिवळट पांढरी, आणि वास असा की नाव नरक्या पडलं. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. आपल्या पेशी डीएनएची कॉपी करतात तेव्हा डीएनएला पीळ पडतो. तो पीळ सोडवायला एक एन्झाइम असतं, आणि कॅम्प्टोथेसिन त्यालाच अडवतं. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मरतात. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरवरची औषधं याच रसायनावरून तयार झाली. म्हणजे हे हॉस्पिटलमध्ये, डोस मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं विष आहे. त्याचा घरी काढा? मामा नसते तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही रात्री करतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, ही तुझी एक चूक झाली. दुसरी बघितलीस का? माझ्या वहीत मॅपिया फीटिडा आहे, ते बघ. तेही नरक्याच."

बघितलं. माझ्या यादीत मॅपिया फीटिडा एक झाड होतं आणि नोथापोडायटिस निम्मोनियाना दुसरं. दोन्ही नरक्याच! म्हणजे एका बाजूला मी दोन वनस्पती जोडून एक केल्या, आणि दुसऱ्या बाजूला एकाच झाडाचे दोन तुकडे केले. स्पेलिंग दोन्हीकडे बरोबर होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळं ओके.

मग सरांनी मला या नावाचा इतिहास सांगितला. ऐकताना मला वाटलं, अरे, हा तर गिट लॉग आहे.

१८३९. मुंबईत जॉन ग्रॅहम नावाचा माणूस होता. पोस्ट खात्यातला अधिकारी. झाडं हा त्याचा छंद. त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींचा कॅटलॉग केला, पण छपाई पूर्ण व्हायच्या आत तो खंडाळ्यात वारला. राहिलेलं काम त्याचा मित्र निम्मो याने पुरं केलं. त्या कॅटलॉगमध्ये हे झाड निम्मोच्या नावाने नोंदवलं गेलं: प्रेम्ना निम्मोनियाना. पण प्रेम्ना ही प्रजातीच चुकली होती. पहिल्याच कमिटमध्ये बग!

१८४० च्या दशकात रॉबर्ट वाइटने याच झाडाला वेगळं नाव दिलं, स्टेमोन्युरस फीटिडस. फीटिडस म्हणजे लॅटिनमध्ये घाण वासाचा. बघा ना, लॅटिन लिहिणाऱ्या साहेबाला आणि आपल्या गावातल्या माणसाला तोच वास आला. १८५२ मध्ये मायर्सने ते मॅपिया प्रजातीत हलवलं, मॅपिया फीटिडा. १९४० मध्ये स्लूमरने पुन्हा हलवलं, नोथापोडायटिस फीटिडा. आणि मग १९८० मध्ये डेव्हिड मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुनी नोंद उकरून काढली. नियम असा आहे की प्रजाती बदलली तरी नावाचा दुसरा शब्द सगळ्यात जुना असेल तो टिकतो. १८३९ चं निम्मोनियाना हे फीटिडापेक्षा जुनं. म्हणून १४१ वर्षांनी निम्मो परत आला: नोथापोडायटिस निम्मोनियाना.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? जुनी नावं डिलीट करा, नवं ठेवा. मीही हेच म्हटलं होतं. तेव्हा सरांनी विचारलं, "आणि जुने कागद कोण बदलणार?"

मुद्दा बरोबर आहे. कॅम्प्टोथेसिन हे वॉल आणि आपले मनसुख वाणी यांच्या टीमने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात आहे हे दाखवलं. त्यांच्या पेपरमध्ये नाव आहे मॅपिया फीटिडा. आज कुणी फक्त निम्मोनियाना टाकून शोधलं तर तो पेपर हातातून निसटू शकतो. आणि या शोधामुळेच नरक्याला मागणी आली, सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली. समजा एखाद्या यादीत संरक्षणाची गरज एका नावापुढे लिहिलीय आणि पकडलेल्या मालाच्या कागदावर दुसरं नाव आहे. दोन्ही एकच हे कुणाला कळलंच नाही, तर झाड कागदावर सुरक्षित राहील आणि जंगलातून संपेल.

हा फक्त नरक्याचा प्रश्न नाही बरं का. जगात मान्यता असलेल्या फुलझाडांच्या जाती सुमारे साडेतीन लाख, आणि त्यांना आजवर दिलेली नावं दहा लाखांहून जास्त. उष्ण कटिबंधातल्या जंगलात तर गोंधळ आणखी वाढतो. एकाच टेकडीवर शेकडो जाती, फांद्या पंधरा-वीस मीटर उंच, फुलं वर्षातून थोडेच दिवस. उरलेल्या दिवसांत हातात येतं ते नुसतं हिरवं पान, आणि तसं पान दहा झाडांना असतं.

मग खरं काय हे ठरवायचं कसं? इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते, हर्बेरियम. झाडाची फांदी फुलाफळासकट घ्यायची, जुन्या वर्तमानपत्रात दाबायची, रोज कागद बदलत वाळवायची. पावसाळ्यात हे करताना बुरशीशी मारामारी असते, विचारू नका. मग साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर ती लावायची आणि कोपऱ्यात लेबल: कुठे, कधी, कुणी, कितवा नमुना, फुलाचा रंग, वास. रंग आणि वास वाळल्यावर उडून जातात, म्हणून ते तिथेच लिहायचे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आघारकर संस्थेचं आहे.

नाव बदललं की नमुना फेकत नाहीत. त्याच कागदावर नवी चिठ्ठी लावतात: अमक्याने, अमक्या साली, हे अमुक म्हणून ओळखलं. जुनी चिठ्ठी तशीच राहते. म्हणजे शेवटचा पुरावा नाव हा नसून ती वाळलेली फांदी आहे. नाव फक्त तिच्याकडे बोट दाखवतं. कुणाला शंका आली तर पन्नास वर्षांनीही फांदी काढून बघता येते. माझ्या एक्सेलमध्ये नेमकं हेच नव्हतं. नावं होती, आणि नावांच्या मागे काहीच नव्हतं.

मग मी यादी पुन्हा केली. या वेळी तीन वेगळे तक्ते. एकात वनस्पती, प्रत्येकीला एक नंबर, ज्याला काही अर्थ नाही. दुसऱ्यात नावं, जुनी, नवी, चुकीची, सगळी, आणि कोणतं नाव कोणत्या नंबराकडे जातं ते. एक नाव दोन नंबरांकडे जात असेल तर स्क्रिप्ट स्वतः काही ठरवत नाही, थांबते आणि माणसाला विचारते. तिसऱ्यात पुरावा: नमुना, नसेल तर फोटो, आणि कुणी सांगितलं. "कुणी सांगितलं" हा रकाना मी मामांमुळे घातला. शनिवारच्या कामाला चार महिने लागले.

हा रकाना नवा नाही हे मला नंतर कळलं. सतराव्या शतकात केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ करवला, १६७८ ते १६९३ मध्ये अॅम्स्टरडॅमला छापला. त्यात इट्टी अच्युदन या वैद्यांची साक्ष आहे, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचीही. त्यांची साक्ष कोंकणीत आहे, देवनागरी अक्षरात, १६७५ सालची. माहिती कुठून आली ते पहिल्याच खंडात, त्यांच्या भाषेत छापलंय. पुढे लिनियसने झाडांची नावं ठरवताना हा ग्रंथ वापरला.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लिहिणारे थिओडोर कुक हे पेशाने इंजिनिअर होते, पुण्याच्या ज्या कॉलेजचं पुढे सीओईपी झालं तिथले प्राचार्य. ग्रॅहम पोस्टातला, कुक इंजिनिअर. नोकरी सांभाळून हे काम करायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तेव्हा "आपण काय बॉटनीवाले नाही" हे कारण चालणार नाही.

तुमच्या हातात फोन आहेच. ट्रेकला गेलात आणि झाडाचा फोटो काढलात, तर फक्त फुलाचा काढू नका. पान पुढून आणि मागून, फांदीवर पानं कशी लागलीत ते, साल, फळ असेल तर फळ. वास लिहा. जागा आणि तारीख लिहा. गावातल्या कुणी नाव सांगितलं तर ते नाव, आणि त्यांना चालत असेल तर कुणी सांगितलं तेही. फांदी मात्र परवानगीशिवाय तोडू नका, ते काम अभ्यासकांचं. अॅपने नाव सांगितलं तर तो एक अंदाज समजा. अॅपच्या भरवशावर कुठलंही पान, फळ, मूळ तोंडात घालू नका. प्लीज.

नवी यादी झाल्यावर मी ती मामांना पुन्हा वाचून दाखवली, पूर्ण, दोन संध्याकाळी बसून. नरक्याच्या ओळीवर ते परत थांबले. मी धास्तावलो. ते म्हणाले, "आता बराबर हाय. पर खाली लिवा, काढा करू नका म्हनून."

लिहिलंय, मामा. ठळक अक्षरात.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात एकाच नावाची दोन झाडं असतील तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!